तोंडात माती नव्हती

नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रूपाली सतरा वर्षं नोकरी करत होती. शेजारच्या टेबलावर राजश्रीमॅडम बसत. त्यांना गुन्ह्यांच्या मालिका बघायचा नाद होता. दुपारी डबा उघडला की त्या आदल्या दिवशी बघितलेल्या मालिकेचा पंचनामा करायच्या. कुठला धागा लेखक विसरला, खुनी दुसऱ्याच भागात कसा ओळखू आला, फौजदाराच्या घरातली भांडणं उगीच कशी घुसडली. कौतुक फार क्वचित. म्हणून एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांनी डबा बाजूला सारला आणि "रूपाली, एक मालिका सांगते, ती बघच," असं म्हटलं, तेव्हा रूपालीनं मान वर केली.

"'माळवद' नाव आहे. आठच भाग. लिहिणारी बाई लातूरची आहे म्हणे."

"काय आहे त्यात?"

"काय नाही ते आधी सांगते. हुशार फौजदार नाही, पाठलाग नाही, घाबरवायला वाजवलेलं संगीत नाही. माणसं समोर बसतात आणि बोलतात. ज्याला जेवढं ठाऊक तेवढंच तो सांगतो, एक शब्द जास्त नाही. सगळ्यांचं सांगणं जोडत गेलं की मध्ये एक जागा रिकामी राहते. तीच जागा शोधायची. अगं, इतकं नीट लिहिलेलं मी फार दिवसांत बघितलं नाही."

"खून कुणाचा होतो?"

"औशाकडच्या एका खेड्यातल्या पोरीचा. आणि त्याच पहाटे भूकंप येतो. त्र्याण्णवचा. सगळं गाव ढिगाऱ्याखाली. आता सांग, हजार मढ्यांमध्ये हिचं मढं वेगळं हे कुणाला कळणार?"

रूपाली पुस्तकांवर शिक्के मारत होती. तिनं शिक्का पॅडवर ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. राजश्रीमॅडमना वाटलं, विषय आवडला नाही. रूपाली मूळची लातूरची एवढंच त्यांना माहीत होतं, कारण ती सगळ्यांना तेवढंच सांगत असे. औशाच्या पलीकडच्या ज्या खेड्यात ती जन्मली ते गाव आता जागेवर नव्हतं. आई, वडील आणि एकोणीस वर्षांची विशाखाअक्का, तिघंही एकाच घरात गेली होती. रूपाली तेव्हा बारा वर्षांची होती. त्या रात्री ती शेजारच्या भामामायच्या कुडाच्या झोपडीत झोपली होती, म्हणून वाचली. पुढं लातूरला एस.टी.च्या डेपोत कामाला असलेल्या चुलत्यानं, व्यंकटरावांनी, तिला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. ती त्यांना तात्या म्हणत असे. भूकंपावर काही लिहिलेलं ती वाचत नसे, दाखवलेलं बघत नसे.

पण 'माळवद' तिनं बघितली. नवरा रविकांत इस्लापूरला शाळेवर होता, शनिवारी घरी यायचा. त्या शनिवारी त्याचं काही काम निघालं आणि तो आला नाही. लेक लुंबिनी शिकायला पुण्यात. रविवारी सकाळी भाजी निवडता निवडता तिनं मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. दोन मिनिटं बघू, नाहीतर बंद करू, असं ठरवून.

पहिल्याच भागात शाळेचं मैदान होतं. ओळीनं मढी ठेवलेली. आरोग्य खात्यातला एक माणूस हातात कागद घेऊन एकेकाजवळ वाकत होता. प्रत्येकाच्या नाकातोंडात माळवदाची, घरावरच्या मातीच्या छताची, पांढरी माती गच्च भरलेली. ढिगाऱ्याखाली जिवंत गाडलेला माणूस शेवटचा श्वास ओढतो आणि त्याबरोबर माती ओढतो, असं तो माणूस पुढं कुणाला तरी सांगतो. मग तो एका तरुण पोरीजवळ येतो. तिच्या शेजारी दहा-बारा वर्षांची बहीण बसलेली असते. फ्रॉकचं टोक ओलं करून ती तिचं तोंड पुसत असते. माणूस पोरीचा ओठ अंगठ्यानं खाली ओढतो आणि थांबतो. तोंड स्वच्छ असतं. लहानगी पुसत राहते, पण पुसायला काही नसतं.

रूपालीनं मोबाईल पालथा घातला.

अक्काच्या तोंडात माती नव्हती. मायच्या होती, बाबांच्या होती. मायचं तोंड पुसून पुसून तिचा फ्रॉक चिखलाचा झाला होता. मग ती अक्काकडे वळली होती आणि ओल्या टोकाला काहीच लागलं नव्हतं. बारा वर्षांच्या पोरीला त्याचा अर्थ कळला नाही. तिला एवढंच वाटलं की अक्का नीटनेटकी, मरतानासुद्धा तिनं घाण लागू दिली नाही. ही गोष्ट तिनं एकतीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. रविकांतलाही नाही.

ती उठली, पाणी प्याली, दार आतून लावून आली आणि मोबाईल सुलटा केला. संध्याकाळपर्यंत ती बसून होती. भाजी तशीच सुकून गेली.

राजश्रीमॅडमनी सांगितलं ते खरं होतं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडून दाखवत नव्हतं. म्हणूनच अंगावर येत होतं. मालिकेतल्या पोरीचं नाव वेगळं होतं, गावाचं नाव नव्हतंच. पण त्या पोरीनंही नर्सिंगचा फॉर्म भरला होता, आणि तिचा बापही गवंडी होता, वस्तीतलं पहिलं दगडी घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलं होतं. सहाव्या भागात चुलता पुढं आला. तो म्हणत होता की मी सकाळी रेडिओवर ऐकलं आणि शहरातून धावत आलो. हेच वाक्य तात्या नेहमी बोलायचे. आणि ते ऐकताना रूपालीला एक गोष्ट आठवली, जी तिला आठवते हेही तिला माहीत नव्हतं. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी घराच्या उंबऱ्याबाहेर काळे, जाड तळव्याचे बूट होते. डेपोत घालतात तसले. तिच्या वडलांनी जन्मात बूट घातला नव्हता.

आठव्या भागात खुनी चुलता निघाला. पण त्याआधी एक प्रसंग होता. संध्याकाळ, दूर गणपती विसर्जनाची हलगी वाजतेय. लहान पोर खेळून घरी येते. आई दारातच अडवते. ताईला ताप आलाय, आत येऊ नको, आज शेजारी झोप. आत अंधारात गोधडीखाली कुणी झोपलेलं. बाप भिंतीकडं तोंड करून बसलेला. पोर उंबऱ्यावरूनच म्हणते, "जाते गं." आणि गोधडीखालून आवाज येतो,

"जा, चाराणे."

रूपालीला एकदम थंडी वाजली. एप्रिलमध्ये, बंद दाराच्या खोलीत. बुटकी म्हणून अक्का तिला चाराणे म्हणायची. दुसरं कुणीच म्हणत नसे. त्या संध्याकाळी अक्का गोधडीखालून बोलली होती ते शेवटचे शब्द हेच होते. ते ज्यांनी ऐकले असतील ती माणसं जळून एकतीस वर्षं झाली होती.

तिनं लेखिकेचं नाव शोधलं. सौदामिनी. फेसबुकवर तिला तिनं एकच ओळ पाठवली, "तुमच्या मालिकेतल्या लहान पोरीच्या जागी मी होते." दहा मिनिटांत उत्तर आलं. त्यात पत्ता होता आणि खाली लिहिलं होतं, "या. मला तुम्हाला काही विचारायचंय."

शुक्रवारी तिनं रजा टाकली. लोहा, अहमदपूर करत बस दुपारी लातूरला पोचली. उन्हानं रस्ते ओस पडले होते. सौदामिनीचं घर एका जुन्या कॉलनीत होतं, समोर कडुनिंब. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, साडीवर खडूचे डाग. एका शाळेत मराठी शिकवत होती. तिनं पाणी दिलं, चहाचं विचारलं, आणि मग रूपालीसमोर बसली.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे सगळं?" रूपालीनं विचारलं.

"माझ्या वडलांनी. अनंतराव. ते आरोग्य खात्यात होते. औशाहून त्यांना तिकडं पाठवलं होतं, मढ्यांची ओळख पटवून नोंद करायला. मी तेव्हापासून ऐकत आलेय. एका पोरीच्या तोंडात माती नव्हती. तिची बहीण तोंड पुसत होती. वरिष्ठांना सांगायला गेले तर ते म्हणाले, अनंतराव, चिता पेटवायला लाकडं नाहीत आणि तुम्ही तोंडं काय तपासता. ते गप्प बसले. ते गप्प बसणं त्यांना आयुष्यभर पचलं नाही."

"आणि नर्सिंगचा फॉर्म? वडील गवंडी?"

"वडील गवंडी, हे वस्तीतल्या लोकांनी सांगितलं होतं, मैदानावरच. फॉर्म..." सौदामिनी थांबली. "एकोणीस वर्षांची, बारावी झालेली मुलगी. त्या काळात दुसरं काय करायचं ठरवलं असतं तिनं? ते मी घातलं."

"आणि चुलता?"

"तोही मीच घातला. आईबाप तर मेले होते. मेलेल्या माणसाला गुन्हेगार केलं की गोष्टीला जायला जागा राहत नाही. कुणीतरी जिवंत लागतं. वडील म्हणाले होते, नंतर एक चुलता येऊन पोरीला घेऊन गेला. म्हणून तो." तिनं रूपालीच्या चेहऱ्याकडं बघितलं. "तुमचे चुलते आहेत का अजून?"

"आहेत. इथंच, लातुरात."

पंखा घरघरत होता. शेवटी रूपालीनं जे विचारायला ती आली होती ते विचारलं.

"चाराणे हे नाव कुठून आणलं?"

सौदामिनीनं चष्मा काढून हातात घेतला. "तेच मला तुम्हाला विचारायचं होतं. शेवटचा भाग मला लिहिता येत नव्हता. त्या संध्याकाळी पोर घरातून बाहेर पडते एवढं होतं, पुढं काही सुचेना. वडलांना आता कशाची आठवण राहत नाही. बोलणंही कधीचं बंदच आहे, मला ओळखत नाहीत. एक दिवस दुपारी मी इथं टेबलावर बसून ते पान वाचत होते, मोठ्यानं. पोर म्हणते, जाते गं. आणि आतून वडील बोलले. जा, चाराणे. मी धावत गेले. विचारलं, कोण चाराणे, अण्णा? ते छताकडं बघत होते. मी ते वाक्य तसंच लिहून टाकलं. त्यानंतर ते आजपर्यंत बोलले नाहीत."

"मैदानावर मला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती," रूपाली म्हणाली. "मारणारं कुणी उरलंच नव्हतं."

सौदामिनी तिला आतल्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेली. खाटेवर एक वाळलेला म्हातारा उताणा पडला होता. डोळे उघडे, हात छातीवर. खिडकीला ओला पडदा लावला होता, त्यामुळं खोलीत वाळ्याचा वास होता. रूपालीनं त्याला ओळखलं नाही. तिला फक्त एक अंगठा आठवत होता. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग हात जोडून मागं फिरली. बाहेरच्या खोलीत पिशवी उचलली आणि सवयीनं म्हणाली,

"जाते मी."

"जा, चाराणे."

आवाज आतून आला. म्हाताऱ्याचाच, चिरका, पुरुषी. पण 'चा' लांबवून 'णे' खाली सोडण्याची जी पद्धत होती, ती अक्काची होती. सौदामिनी दाराची चौकट धरून उभी होती. रूपाली वळून आत गेली नाही. तिला जाववलं नाही. ती पायऱ्या उतरली आणि उन्हात चालत सुटली. चप्पल घालायची राहून गेली हे तिला कोपऱ्यावर कळलं, जेव्हा डांबर पायाला चिकटलं.

सौदामिनी चप्पल घेऊन मागून आली. तिनं ती खाली ठेवली आणि रिक्षा थांबवून दिली.

तात्या एकटेच राहत. चुलती जाऊन सहा वर्षं झाली होती. एक्काहत्तर वर्षांचे, ताठ, अजून स्वतःच्या हातानं भाकरी करणारे. दारात रूपालीला बघून त्यांना आनंद झाला.

"जयभीम. फोन न्हाई, काय न्हाई, एकदम कशी आलीस बाई?"

"सुट्टी होती. तुम्हाला भेटावं वाटलं."

पिठलं-भाकरी झाली. तात्यांनी तिला ठेचा वाढला, लुंबिनीचं विचारलं, रविकांतच्या बदलीचं विचारलं. रूपाली त्यांच्या हाताकडं बघत होती. या हातांनी तिची वेणी घातली होती, कारण चुलतीला नीट जमायची नाही. या हातांनी तिच्या वह्यांना खाकी कव्हरं घातली होती. ती दोन दिवस राहायची ठरवून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिनं मोबाईल टेबलावर ठेवला.

"तात्या, एक मालिका हाय. लई चांगली लिहिलीय. माझ्यासंगं बघा."

"कशाची?"

"खुनाची. आपल्याकडचीच हाय."

तात्यांनी मालिका आयुष्यात बघितली नव्हती, बातम्या तेवढ्या बघत. पण लेक म्हणते म्हणून खुर्ची ओढून बसले. पहिल्या भागात मैदान आलं. माती आली, अंगठा आला. रूपाली पडद्याकडं बघत नव्हती, त्यांच्याकडं बघत होती. ते हलले नाहीत. भाग संपला तसे म्हणाले, "पुढचा लाव."

एकामागून एक आठ भाग झाले. मध्ये एकदा ते उठून पाणी पिऊन आले. दुपारचं जेवण कुणी मागितलं नाही, कुणी वाढलं नाही. सहाव्या भागात चुलता म्हणाला, सकाळी रेडिओवर ऐकलं. तात्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. आठव्यात गोधडीखालून आवाज आला, तेव्हा त्यांनी हात पुढं करून मोबाईल थांबवला.

"हे कुणी सांगितलं त्या बाईला?"

"कुणी न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा चालू केला. चुलता पकडला गेला, मालिका संपली. नावं वर सरकत गेली. बाहेर ऊन उतरलं होतं.

"लिहिलंय चांगलं," तात्या म्हणाले. "पण तसं न्हाई झालं."

"तुमचे बूट व्हते दारात."

"व्हते. मी आदल्या दिवशीच आलो व्हतो. चारच्या गाडीनं. रेडिओचं तुला खोटं सांगितलं."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते रूपालीकडं बघत नव्हते, टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

विशाखाला नर्सिंगला नंबर लागल्याचं पत्र त्याच दुपारी आलं होतं. घरात तिचं लग्न ठरलेलं, सोयरे ठरलेले. तिनं सांगितलं, मी लग्न करणार न्हाई, शिकणार. बापानं पत्र मागितलं. तिनं दिलं न्हाई. बापानं ढकललं. एकदाच. दाराचा उंबरा दगडी होता, त्यानंच घडवलेला. डोकं मागून लागलं. रक्त फार आलं न्हाई. तात्या गावात पोचले तेव्हा ती गेलेली होती, आणि माय तिचं डोकं मांडीवर घेऊन नुसती झुलत होती.

"आमी तिघं बसून व्हतो. काय करावं सुधरंना. तुझी माय म्हणली, बारकीला कळू नगं. म्हणून गोधडी टाकली अन् तुला भामाबाईकडं धाडलं."

"तुम्ही आत व्हता?"

"मागच्या बाजूला, रांजणापाशी. तुला दिसलो न्हाई."

"तात्या, अक्का बोलली मला. गोधडीतून. मी ऐकलं."

तात्यांचा अंगठा थांबला.

"आमी पण ऐकलं," ते म्हणाले. "तिघांनी."

रूपालीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तू गेलीस तशी मी पळत जाऊन गोधडी काढली. म्हणलं, जीव हाय पोरीत. थंडगार व्हती. तोंडापाशी आरसा धरला. कायच न्हाई. हातपाय ताठले व्हते. चार तास होऊन गेले व्हते तिला. तुझा बाप तोवर एक शब्द बोलला नव्हता, भिंतीकडं तोंड करून बसला व्हता. तो तवा वळला. म्हणला, व्यंकट, तिनं बोलून दावलं. आता मी गप कसा बसू. पहाटं आवशाला जा, फौजदाराला आण. मी केलंय, मी सांगतो."

तात्या पहाटे तीनला निघाले. गावाबाहेर डांबरी सडकेपर्यंत पोचले होते. तेवढ्यात पायाखालून मोटार गेल्यासारखा आवाज आला आणि ते पडले. उठून मागं बघितलं तर अंधारात गावाच्या जागी धुळीचा ढग होता.

"मग कुणासाठी फौजदार आणू? माणसं हातानं दगड उपसत व्हती. तुझा बाप तिच्या पायापाशी गावला. मी इचार केला, या पोरीला आता माय न्हाई, बहीण न्हाई. निदान बाप चांगला व्हता एवढं तरी राहू दे तिच्याकडं."

रूपाली उठून न्हाणीत गेली. तिनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. तिच्या मनात आलं, हा माणूस खोटं बोलत असेल. साक्षीदार सगळे मेलेत, म्हातारा सगळं मेलेल्या भावावर ढकलून मोकळा होतोय. मग तिला त्या संध्याकाळची बाबांची पाठ आठवली. ते तिच्याकडं वळलेच नव्हते. रोज कामावरून आले की तिला खांद्यावर घेणारे बाबा. तिनं "बाबा, जाते" असंही म्हटलं होतं, आणि पाठ हलली नव्हती. त्यांच्या मानेवर सुकलेला चुना होता. आणि तिला एवढ्या वर्षांनी हेही कळलं की आपण वाचलो ते भामामायच्या झोपडीमुळं नाही. अक्का मेली होती म्हणून आपल्याला घराबाहेर काढलं होतं. अक्का जिवंत असती तर त्या पहाटे आपणही माळवदाखाली असतो, तिच्या कुशीत.

ती रात्र दोघांनी काही न खाता काढली. सकाळी तात्या अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात उभे होते.

"चल," ते म्हणाले. "ठाण्यात जाऊ. तवाच जायला पायजे व्हतं."

ठाण्यात एक तरुण अधिकारी होता, भूकंपानंतर जन्मलेला. त्यानं दोघांना बसवलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही मोबाईलकडं बघितलं नाही. शेवटी म्हणाला, "आजोबा, ज्यानं केलं तो राहिला नाही, जिचं झालं तीही नाही. मी कुणावर काय करू?"

"करू नगा," तात्या म्हणाले. "नुसतं लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं. तात्यांनी सही केली, तिच्याखाली तारीख घातली. मयताचं नाव अधिकाऱ्यानं दोनदा विचारून घेतलं, कारण तात्यांचा आवाज तिथं बसत होता.

तिथून ते जुन्या गावठाणात गेले. नवं गाव चार किलोमीटरवर वसवलं होतं, सरळ गल्ल्यांचं, पत्र्याचं. जुन्या जागी आता कुणी राहत नव्हतं. बाभळी माजल्या होत्या, पडक्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या आणि दुपारची इतकी शांतता होती की रिक्षा परत गेल्यावर तिचा आवाज बराच वेळ कानात राहिला. तात्या न चुकता चालत होते. वळणं गेली होती, गल्ल्या गेल्या होत्या, तरी ते भिंती नसलेल्या कोपऱ्यावर वळत होते.

एका ठिकाणी ते थांबले. उंबऱ्याचा दगड अजून होता, गवतात अर्धा बुडालेला. तात्या त्याच्या अलीकडेच उभे राहिले. रूपालीनं चप्पल काढली, दगडावर पाय न देता पलीकडं टाकला आणि आत जाऊन उभी राहिली. आत म्हणजे आकाशाखालीच. तिनं अक्का जिथं निजायची ती जागा शोधली आणि तिथं खाली बसली. जमीन गार होती. आजूबाजूला सगळं तापलेलं असताना तेवढीच जागा गार कशी, याचा तिनं विचार केला नाही. ती हात टेकवून बसून राहिली.

शेळ्या घेऊन एक बाई पलीकडून आली. अनोळखी माणसं बघून थांबली.

"कुणाचं घर म्हणायचं हे?" तिनं विचारलं.

तात्या सवयीनं भावाचं नाव घेणार होते. त्यांचे ओठ उघडले होते.

"विशाखाचं," रूपाली आतून म्हणाली.

बाईनं मान डोलावली आणि शेळ्या पुढं हाकल्या. तात्या उंबऱ्याबाहेर उन्हातच उभे होते. बऱ्याच वेळानं रूपालीनं त्यांना हाक मारली आणि बाजूची जागा हातानं साफ करून दिली.